रंगाखालची जपानी सायकल

रविवार उजाडला की आमच्या कळंबच्या रस्त्याला पुण्याची माणसं सायकली हाणत येतात. घरी मोटार उभी असते, तरी सायकलवर येतात. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्यावर अर्धं कलिंगड पालथं घातल्यागत टोपी, आणि चेहऱ्यावर असा भाव की देशाचं काहीतरी मोठं काम अंगावर पडलंय. मी चौथी शिकलेला माणूस, मला त्यातलं कळत नाही. आम्ही जन्मभर सायकल हाणली ती मोटार नव्हती म्हणून.

गेल्या थंडीत त्यातला एक पिवळा बनियनवाला पाणी मागायला आमच्या गोठ्यापाशी थांबला. मी तांब्या दिला. तर पाणी प्यायचं सोडून हा माझ्या मागं बघत राहिला. मागं आमची सायकल होती, तिच्यावर लसूणघासाचा भारा टाकलेला. त्यानं न विचारता भारा बाजूला केला आणि शेणाच्या भुईवर गुडघे टेकले, महादेवाच्या पिंडीपुढं टेकावे तसे.

“काका, ही तुमच्याकडे कशी आली?”

“चालत न्हाई आली. का?”

“अहो, ही रोड बाइक आहे. व्हिंटेज! आणि बहुतेक जपानी!”

मी खांबाला टेकलो. बाहेरच्या माणसाच्या तोंडून ‘जपानी’ हा शब्द आमच्या गोठ्यात पहिल्यांदा निघाला होता. आणि ज्या बाईनं तो ऐकायला हवा होता ती आदल्या साली गेली.

ते असं झालं. पोरगा माझा तेव्हा चड्डीत फिरत होता. नाशिककडून एक परदेशी पोरगा ही सायकल हाणत आला आणि आमच्या बांधावर आडवा झाला. पोट बिघडलं होतं, डोळे आत गेले होते. बायकोनं त्याला पडवीत घातलं आणि तांदळाच्या पेजेवर उभा केला. त्याची भाषा आम्हाला येईना, आमची त्याला. बरा झाला, पण पायात बळ राहिलं नव्हतं. मग एका सकाळी त्यानं घोंगडीची घडी घातली, सायकल बायकोच्या हातात दिली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि एसटीत बसून गेला. पुन्हा त्याचं काही कळलं नाही.

बायको म्हणाली, जपानी होता. गाव म्हणालं, नेपाळी होता, आणि सायकल लुधियानाची. गावात जपान कुणी बघितला नव्हता, लुधियानाही बघितलं नव्हतं, पण बहुमत लुधियानाला पडलं. बायको ऐकेना. म्हणायची, “नेपाळी असता तर हिंदी बोलला असता. आन् घोंगडीची चार कोपरं जुळवून घडी घालणारा बाप्या ह्या मुलखात तुमी कधी बघितला?”

ह्याला उत्तर नव्हतं, म्हणून गावानं तिला नावच ठेवलं. जपानीण. दूध घालायला डेअरीवर गेली की कुणीतरी ओरडायचं, “सरका रं, जपानीण आली!” केस पांढरे झाले तरी ते नाव सुटलं नाही. तिच्या दहाव्याला घाटावर एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसत म्हणाला, “जपानीण लई गुणाची व्हती.” माणूस खरंच रडत होता.

सायकलवर ती कधी बसली नाही. लुगडं नेसून त्या आडव्या दांडीवरून पाय टाकणार कसा? ती सायकल चालवायची बैलासारखी, बाजूनं हाताला धरून. तिचं हँडल एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. डाव्या शिंगाला दुधाची एक किटली, उजव्याला एक. पुढं भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला आणि आम्ही बैलं विकली. आमच्याकडं पोळा भादव्यात, सर्वपित्रीला. त्या वर्षी शिंगाच्या रंगाचा डबा घरात तसाच राहिला. बायकोनं काय करावं? सायकल धुतली, अंगणात उभी केली आणि तिच्या हँडलाला रंग दिला. मी म्हणालो, “अगं, येडी झाली का?” तर म्हणाली, “शिंगं हायेत की. मग रंग नको?” पुरणपोळी पण दाखवली. तेव्हापासून दर पोळ्याला हा कार्यक्रम. आधी नुसती शिंगं, मग दांडी, मग पुढच्या चाकाचा चिमटा, मग जे जे दिसेल ते. एका साली तांबडा, एका साली हिरवा, दुकानात असेल तो. बैलानं सुद्धा एवढं सोसलं नसतं.

पुढच्या रविवारी पिवळा बनियनवाला एका दाढीवाल्याला घेऊन आला. हा म्हणे ह्यातला तज्ज्ञ. त्याच्याकडं पट्टी होती, भिंग होतं, विजेरी होती, आणि एक मोबाइल, ज्यात जगभरच्या जुन्या सायकलवाल्यांचा ग्रुप होता. पोरगा चाकणला कंपनीत असतो, तो सुट्टीला घरी आलेला. त्यानं पाहुण्यांना खुर्च्या दिल्या. मला दिली नाही.

मी बेल्ह्याच्या बाजारात बैल पारखणारे दलाल बघितलेत. दात बघायचे, भोवरा बघायचा, शेपटी पिळायची आणि मान हलवत दोन पावलं मागं जायचं. दाढीवाल्यानं अगदी तेच केलं. मागच्या गियरवरची माती नखानं काढली, भिंगातून बघितलं, फोटो काढून ग्रुपवर टाकले. लगेच उत्तरं आली. एक गोरा म्हणाला, ही पन्नास वर्षांपूर्वीची. दुसरा म्हणाला, छे, चाळीस. मग त्या दोघांचं परदेशात जुंपलं. तिसऱ्यानं विचारलं, विकायची आहे का. सगळ्यात कामाचा माणूस तोच.

“काका, गियर जपानी आहे,” दाढीवाला म्हणाला. “ब्रेक जपानी. चाकाचे हब जपानी, त्यावर साल ओळखायची खूणही आहे.”

मी म्हणालो, “म्हंजी सायकल जपानी.”

“तसं नाही म्हणता येत. पार्ट कुणीही बदलतो. फ्रेम कुठली ते कळायला हवं.”

“म्हंजी शिंगं खिल्लारी, खूर खिल्लारी, शेपूट खिल्लारी, पण बैल खिल्लारी हाय का न्हाई ते कळत न्हाई.”

“एक्झॅक्टली, काका!”

हा माणूस बेल्ह्याच्या बाजारात उपाशी मेला असता.

मग तो रंगाकडं वळला. वरच्या दांडीवर हात फिरवून त्यानं असा सुस्कारा सोडला, जणू माझी बायको कालच गेली आणि ती त्याचीच कुणी लागत होती. “काका, हा कुणी लावला? ऑइल पेंट! हा गुन्हा आहे.”

“कंच्या कलमाखाली?”

“आणि लावलाय पण कसा, बघा. सगळीकडे खळगे पडलेत. ओला असताना काहीतरी लागलंय.”

“बोट लागलंय,” मी म्हणालो.

बायकोला दम नव्हता. रंग दिला, रॉकेलनं हात धुतले, की लगेच वाळला का बघायला बोट. मी ओरडायचो, “अगं, जरा थांब की!” ती म्हणायची, “बघितल्याबिगर कळंल कसं?” मग बोट लागलं तिथं खळगा पडायचा, तो बुजवायला पुन्हा रंग, आणि तो वाळला का बघायला पुन्हा बोट. हे मी दाढीवाल्याला सांगितलं. तो “सो क्यूट” म्हणाला आणि पिशवीतून रंग काढायच्या औषधाची बाटली काढली.

म्हणे, पायडलचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो, तिच्या पोटाखाली फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो. तो मिळाला की कारखाना कळेल, साल कळेल, सगळं कळेल. मग पूर्ण रंग उतरवून सायकल मूळ रूपात आणता येईल. पोरगा एकदम पुढं झाला आणि मला म्हणाला, “दादा, काढू द्या. आईचंच खरं ठरंल. गावातल्या एकेकाला फोटो दाखवीन मी.”

मला पण तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? डेअरीवर जावं, चहा मागवावा आणि म्हणावं, या, बघा नंबर. पण सगळा रंग उतरवायला मन घेईना. तिचा हात लागलेलं घरात राहिलंय काय? भांडी सून घासती, चूल गेली, लुगडी लेकीबाळींनी नेली. मी म्हणालो, “रुपयाएवढी जागा मोकळी करा. फक्त नंबरापुरती. बाकी हात लावायचा न्हाई.”

दाढीवाल्याचं तोंड पडलं, पण तयार झाला. आम्ही सायकल उलटी केली, सीट आणि शिंगं भुईला. त्यानं फडकं औषधात बुडवलं. मी म्हणालो, “थांबा, मला बघू द्या आधी.”

गुडघे माझे दुखतात, तरी बसलो. त्या नळीच्या पोटाखाली शेण आणि चिखल वाळून दगड झाला होता. मी तो अंगठ्यानं काढला. खाली रंग होता. तिथं सुद्धा! बैलाच्या पोटाखाली कुणी रंग देत नाही. तिथं कोण बघणार होतं? आणि मधोमध, दाढीवाला नंबर दाखवत होता बरोबर त्याच जागी, एक बारका खळगा. तिची करंगळी असणार. जागा अडचणीची, दुसरं बोट शिरलं नसणार. मी माझी करंगळी घालून बघितली. बसली नाही.

“करा सुलटी,” मी म्हणालो.

“काका?”

“सुलटी करा म्हणलं ना, भाऊ. झालं काम.”

पोरगा चिडला. “दादा, दोन मिनिटांचं काम हाय! लोकांनी आईला जन्मभर चिडवलं, तुमाला काहीच वाटत न्हाई?”

“तिनं कधी उलटी करून नंबर बघितला का रं? तिला नंबराची गरज लागली न्हाई. मला लागतीय, म्हणून तर ही मंडळी हितं बसलीत.”

पोरगा तोंड फिरवून उभा राहिला, आणि मग त्यानंच एका हातानं सायकल सुलटी केली. सून चहा घेऊन आली होती, ती कपांचं ताट धरून तशीच उंबऱ्यात थांबली. पाहुण्यांनी चहा घेतला, बिनसाखरेचा आहे का विचारून.

दाढीवाला मात्र अडून बसला. ग्रुपवर माणसं वाट बघत होती म्हणे. “काका, निदान काय लिहू ते तरी सांगा. नंबराशिवाय मेक अननोन, म्हणजे कुठली ते माहीत नाही, असं टाकावं लागेल.”

“जपानी लिहा.”

“पण सोर्स? कुणी आयडेंटिफाय केली ते लिहावं लागतं.”

“माझ्या बायकोनं.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, हसेल. पिवळा बनियनवाला हसलाच, पण ह्यानं त्याला कोपर मारलं. मग विचारलं, “त्यांचं नाव काय?”

मी सांगितलं. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, माझं नाव, आडनाव, सगळं. किती महिन्यांनी माझ्या तोंडून ते पुरं नाव निघालं होतं, कुणास ठाऊक. त्यानं मराठीत टाइप केलं आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. ऊन पडलं होतं, काचेवर नीट दिसेना. मी हातानं सावली करून एकेक अक्षर लावत वाचलं. एक काना राहिला होता, तो घालायला लावला. त्यानं घातला आणि पुन्हा दाखवला.

“आता बरोबर?”

“आता बरोबर.”

त्यानं ते पाठवलं. मग दोघांनी टोप्या घातल्या आणि मंचरच्या अंगानं निघाले. वारा समोरून होता.