मास्तरांचा जुना फोन

"जुनं व्हर्जन काढून टाकायचं का?" असं लॅपटॉपने विचारलं की मला भुईगावातला तो रविवार आठवतो. गावात कुणी वारलं की अंत्यविधीची वेळ सगळ्यांच्या फोनवर जावी, म्हणून चर्चसाठी मी एक अ‍ॅप केलं होतं. आमच्या निवृत्त मास्तरांना चर्चमध्ये वाजणारी मृत्यूची घंटा ऐकू येत नसे. त्यांच्या खिशातला जुना फोन थरथरला की त्यांना कळायचं. त्या आठवड्यात मी अ‍ॅप बनवायच्या एसडीकेचं नवं व्हर्जन टाकलं आणि जुनं पुसलं. जुन्या फोनवर अ‍ॅप चालणार नाही, ही सूचना वाचूनही पुढे गेले आणि नव्याने बनवलेलं अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर पाठवलं. रविवारी मिस्सा संपली, विझवलेल्या मेणबत्त्यांचा वास पसरला होता. मास्तर बाकावरच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "आज हा आला नाही गं. बरं नाही का त्याला?" त्यांच्या मित्राला गुरुवारीच माती दिली होती. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी खिशातून फोन काढला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मी तर रोज चार्ज करतो गं." त्याच दुपारी मी जुनं व्हर्जन परत टाकलं आणि मास्तरांच्या फोनवर अ‍ॅप पुन्हा चालू केलं. पुढे मास्तर गेले, त्याचाही निरोप मीच पाठवला. त्यांची सून म्हणाली, टेबलावर त्यांचा फोन थरथरला. लॅपटॉप अजून विचारतो. मी 'नको' दाबते.