मल्हारीच्या अकरा मेंढ्या

कोर्टात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. फायलींना निदान दोरी बांधून फडताळात कोंबता येतं, किश्शांना तीही सोय नाही. चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "अहो, सांगा की एखादा कोर्टातला!" मी सांगतो, सगळे पोट धरून हसतात. आज मात्र एकाच खटल्याचं सांगतो. तालुक्याचं नाव विचारू नका, तिथली माणसं अजून बाजारात भेटतात. हसू आलं तर हसा. मला हल्ली येत नाही.

निजाम गेला होता, पण कोर्टाला अजून अदालत, तारखेला पेशी, आरोपीला मुलजिम असेच शब्द चालायचे. फौजदाराला लोक अमीनसाहेबच म्हणायचे. मी तिथं कारकून होतो आणि मुद्देमालाची खोली माझ्या ताब्यात होती.

*

मल्हारी हा चारठाण्याकडचा धनगर. भावाभावांचा एकच कळप, त्यातल्या अकरा मेंढ्या मल्हारीच्या वाटणीच्या. कुणाची कोणती हे कानावरून कळायचं. मल्हारीच्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला खालच्या बाजूनं चंद्रकोरीसारखा काप असायचा.

उन्हाळ्यात ही मंडळी शेतात मेंढरं बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, त्यांना ज्वारी. एका बड्या जमीनदाराला मेंढरं आणखी आठ दिवस बसवून हवी होती, ज्वारी न देता. मल्हारी नाही म्हणाला आणि सकाळी कळप घेऊन निघाला. दुपारी फिर्याद दाखल! कान कापलेल्या अकरा मेंढ्या जमीनदाराच्या आहेत, मल्हारीनं त्या पळवल्या.

अमीनसाहेबांनी विचारलं, "मेंढरं तुझी कशावरून?"

"माझ्या मागं चालायलीत न्हवं का, साहेब!"

अमीनसाहेबांनी लिहून घेतलं, 'मुलजिम मेंढरं घेऊन जाताना रंगेहाथ सापडला.'

*

मग जमानत. कायदा म्हणतो, गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष. हे मी मल्हारीला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मंग मला कोंडलं कामून?" मी म्हटलं, जामीनदार आण, सुटशील.

त्यानं थोरल्या भावाला आणलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "तुझ्या नावावर जमीन किती?"

भाऊ प्रामाणिक. म्हणाला, "जितकी चालू तितकी, सरकार."

साहेब हसले, वकील हसले, मीही हसलो. जमानत नामंजूर झाली आणि मल्हारी दोन महिने ठाण्याच्या कोठडीत राहिला.

*

मेंढ्याही ठाण्यातच होत्या, मागच्या आवारात, दुसऱ्या खटल्यांतल्या जप्त जनावरांसोबत. त्या आता मेंढ्या नव्हत्या, मुद्देमाल होत्या. एका जवानाला त्या चारायची ड्यूटी लावली. तो गडी शहरातला. मेंढ्या त्याला काही दाद देईनात. एक उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि हा मधे काठी घेऊन उभा! तिसऱ्या दिवशी त्यानं कोठडी उघडली आणि मल्हारीलाच बाहेर काढलं. दोन महिने रोज हाच प्रकार. मुलजिम पुढं, मुद्देमाल त्याच्या मागं, आणि सगळ्यात मागं बिडी ओढत जवान.

खटला उभा राहिला तेव्हा मल्हारीच्या वकिलांनी हेच हत्यार काढलं. "मेंढ्या मैदानात सोडा. ज्याच्या मागं जातील तो मालक!"

सरकारी वकील शांतपणे उठले. "दोन महिने कोठडीतून आरोपीच त्यांना चारत होता. एवढ्या दिवसांत त्या कुणाच्याही मागं जातील. तरी साक्ष घ्यायचीच असेल तर आधी मेंढ्यांना शपथ द्यावी."

कोर्टात हशा पिकला. मल्हारीच्या बाजूचा एकमेव खरा पुरावा त्या हशात गेला. आणि गेला कशामुळं, तर मेंढ्या उपाशी मरू नयेत म्हणून त्यानं राखल्या यामुळं.

*

पुढं मल्हारी मुचलक्यावर सुटला. मेंढ्या सुटल्या नाहीत, कारण मालकीचा निकाल लागायचा होता. तो सेलूकडं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा आणि पेशीच्या दिवशी चालत यायचा. आधी ठाण्याच्या मागं जाऊन मेंढ्यांना हाका मारायचा, मग कोर्टात हजर व्हायचा. पुकारा व्हायचा, पुढची तारीख मिळायची, परत जाताना तो पुन्हा ठाण्याच्या मागं जायचा.

तेवढ्यात आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. पुण्याकडचे नवे मॅजिस्ट्रेट आले. फाईल उघडली तर पानन् पान उर्दूत! ती भाषांतराला परभणीला गेली आणि दीड वर्ष तिकडंच राहिली. आमच्या कोर्टातले एक म्हातारे वकीलसाहेब म्हणायचे, "कागद उर्दू, साहेब मराठी, कायदा इंग्रजी आणि मेंढरं मुकी. न्याय कोणत्या भाषेत मागावा?"

मल्हारी फक्त एवढंच विचारायचा, "साहेब, लोकर कातरायची येळ झाली. मी कातरून जाऊ का?" मुद्देमालाला हात लावता येत नाही, असं मी त्याला सांगायचो. हे सांगताना मी खुर्चीतून उठतही नव्हतो.

*

मग मेंढ्या मरायला लागल्या. कागदावर दर वेळी कारण एकच, 'रोगाने'. पंच तेच दोघं आणि पंचनाम्यावर त्यांच्या अंगठ्यांशेजारी हळदीचे, तेलाचे डाग! रोगही शिस्तीचा होता, ठाण्यात कुणी मोठा पाहुणा आल्याशिवाय यायचा नाही. हे सगळ्या गावाला माहीत होतं. बोलायचं कुणी?

आता प्रश्न पडला, मुद्देमालच संपला तर खटला कशावर चालवायचा? तेव्हा अक्कल मी चालवली. म्हटलं, वाद आहे कानाच्या खुणेचा, मग मेलेल्या मेंढीचा डावा कान कापून मीठ लावून ठेवावा. पुरावा शाबूत राहील!

अमीनसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "कारकुनाचं डोकं वकिलाचं हाय!"

त्या दिवशी मी घरी छाती फुगवून गेलो. बायकोलाही ही हुशारी सांगितली. ती एवढंच म्हणाली, "मंग त्या माणसाला काय मिळंल?" मला तिचा राग आला होता.

दर पेशीला ठाण्यामागची मेंढरं कमी दिसायची. मल्हारी माझ्याकडं यायचा. मी रजिस्टर बघून सांगायचो, कोणत्या नंबरची गेली. तो नंबर ऐकायचा नाही, विचारायचा, "काळी का भुरी?" रजिस्टरात रंग लिहिलेला नव्हता.

*

पाचव्या वर्षी निकाल लागला. जमीनदाराचे साक्षीदार उलटसुलट बोलले होते. साहेबांनी वाचून दाखवलं, संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता.

बाहेर आल्यावर मल्हारीनं मला गाठलं. "म्हंजी काय झालं?"

"तू चोर आहेस असं ठरलं नाही."

"मंग न्हाई असं ठरलं का?"

"तसंही नाही. मधलं आहे काहीतरी."

त्यानं मान हलवली. "बरं. मेंढरं?"

*

निकालात शेवटची ओळ होती, 'मुद्देमाल आरोपीस परत करावा.' खोली माझी, म्हणजे परतही मीच करणार. मी कपाटातून लाखेचं सील मारलेली कापडी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. पावतीवर आधीच छापलेलं होतं, 'मुद्देमाल सुस्थितीत मिळाला.' मल्हारीनं अंगठा उठवला. मग मी सील तोडलं.

अकरा कान. वाळून कातड्यासारखे कडक झालेले, प्रत्येकाला दोऱ्यानं नंबराची चिठ्ठी बांधलेली.

मला वाटलं, हा ओरडेल, मला शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. पण तो एकेक कान उचलून कापावरून बोट फिरवायला लागला. "ही भुरी... ही बांडी... ही लंगडी, हिला मी खांद्यावर वागवली व्हती..." ओळखून झाला की तो कान धोतराच्या सोग्यात ठेवायचा. मी खाली मान घालून बसलो होतो.

दहा कान सोग्यात गेले. अकरावा त्यानं दोनदा उलटापालटा करून पाहिला. मला तर त्याचा काप अगदी तसाच दिसत होता. मल्हारीनं तो हळूच टेबलावर माझ्या बाजूला सरकवला.

"ह्यो माझा न्हाई, साहेब. दुसऱ्याच कुणाची तरी मेंढी हाय ही. त्याला बलवून द्या. त्यो बी येत असंल पेशीला."