अडलेलं ऊन

सारी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची. पायाचं शिलाई मशीन चालवून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, म्हणून त्यांनी पत्र्यावर सौर पॅनल बसवून मशीनला मोटर जोडली. वर्षभर काम झकास चाललं. मग शेजारी राहणाऱ्या दिराने घरावर मजला चढवला आणि पॅनल दिवसभर सावलीत गेलं. मोटर नुसती कण्हायची.

"भाऊजी, माझं ऊन अडलं हो!"

"वहिनी, ऊन काय कुणाच्या नावावर असतं?" दीर हसला.

वहिनी तक्रार घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत गेल्या, तर तिथल्या साहेबानेही हात वर केले. कुणाचं ऊन अडवू नये असा नियमच नव्हता. वहिनी पुन्हा पायाने मशीन चालवू लागल्या. हिवाळ्यात उजवा गुडघा कायमचा आखडला. आता त्या भिंतीला टेकून दुसऱ्या शिंप्याची काजं-बटणं करतात.