काठोकाठ भरलेला स्विमिंग पूल

मुलांसाठी चांगली शाळा परदेशात बसून निवडता येते, यावर माझा पूर्ण विश्वास होता. मस्कतमधल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत मी या विषयाचा जाणकार मानला जाई. (मानणारा मी एकटाच होतो, पण ते असो.)

मी तिथे एका पाइप कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. मुलगी मिथिला पाचवीत जायची होती, धाकटा ओजस तिसरीत. दोघं तिथल्या भारतीय शाळेत जात आणि एकमेकांशी हिंदी-इंग्रजीत भांडत. एकदा माझ्या थोरल्या भावानं, दादानं, यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीहून फोन केला आणि ओजसला विचारलं, "काय करून राह्यला रे बापू?" ओजसनं फोन माझ्या हातात दिला आणि सांगितलं, "बाबा, राँग नंबर."

त्याच क्षणी मी ठरवलं, पोरांना यवतमाळला ठेवायचं. आपल्या मातीत, दादाच्या नजरेखाली.

माझ्या बायकोला, सुनीताला, हे मुळीच पटलं नाही. मुलं हजारभर मैल दूर राहणार म्हटल्यावर ती जेवणाच्या ताटावरून उठली. शेवटी तडजोड झाली : आधी शाळा बघायची, निकाल तिथेच लावायचा. मग मी यवतमाळजवळच्या एका नव्या निवासी शाळेच्या संस्थापकांना, भाऊसाहेबांना, फोनवर फोन लावले. प्रयोगशाळा आहे का? आहे. ग्रंथालय? आहे. स्विमिंग पूल?

"आहे ना साहेब," ते म्हणाले. "सध्या तर काठोकाठ भरला आहे."

ज्या गावात उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की लोक शेजाऱ्यांना हाका मारून सांगतात, तिथं काठोकाठ पूल! मी सुनीताकडे विजयी नजरेनं पाहिलं. तिनं पाहिलंच नाही.

सुट्टीत आम्ही आर्णीजवळ दादाच्या घरी उतरलो. ते वर्ष कापसाला वाईट होतं. भाव पडलेला, खरेदी केंद्राचं फाटक बंद. दादानं सगळा कापूस घरातच भरून ठेवला होता. मधल्या खोलीत तो छताला टेकला होता आणि टीव्ही बघायचा तर कापसाच्या खिंडीत एकामागे एक बसावं लागे. (रिमोट पहिल्या दिवशीच गडप झाला. वहिनी म्हणाल्या, कापूस विकला की सापडेल.) पोरांना दादाची एकच ताकीद होती : कापसात लोळायचं नाही, अंगाला खाज सुटते. बाकी सगळं माफ. पोरं दिवसभर "मोठेबाबा, मोठेबाबा" करत त्याच्या मागे गोठ्यात, वावरात भटकत आणि मातीनं माखून परत येत.

शाळेबद्दल दादा एकदाच बोलला. "शाळा पाहाले हरकत नाही. पन मायजवळून लेकरं कायले तोडतं?"

मी त्याला दूरदृष्टी म्हणजे काय ते सविस्तर समजावून सांगितलं. तो मध्येच उठून बैलांना पेंड घालायला गेला.

शाळा बघायला निघालो त्या दिवशी मी कोट घातला. एप्रिलमधलं यवतमाळ आणि कोट! दादानं जीप चालवता चालवता विचारलं, की तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, पहिली छाप महत्त्वाची असते.

भाऊसाहेब फाटकाशीच उभे होते. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि प्रत्येक वाक्यात दोन इंग्रजी शब्द. इमारत झकास होती. फक्त प्रयोगशाळेला कुलूप होतं. आत नाजूक प्रयोग सुरू आहे, असं कळलं. ग्रंथालयालाही कुलूप. तिथं वाळवीचं औषध मारलं होतं म्हणे. दादा मात्र ग्रंथालयाच्या दारापाशी रेंगाळला, खाली वाकला आणि फटीतून बाहेर आलेलं काहीतरी पांढरं चिमटीत धरून बघू लागला. मी त्याला खुणेनं पुढे बोलावलं. चांगल्या शाळेत असं वाकायचं नसतं.

तेवढ्यात ओजसनं इमारतीमागचा पूल पाहिला. दुरून निळाशार चौकोन चमकत होता. मस्कतला तो नुकताच पोहायला शिकला होता. भाऊसाहेब घाईघाईनं म्हणाले, आधी भोजनकक्ष पाहू, पूल नंतर. पण ओजस तोवर धावत सुटला होता. त्यानं काठावरून उडी मारली आणि त्या निळ्या रंगात दिसेनासा झाला. ना पाणी उडालं, ना आवाज आला.

सुनीता किंचाळली. मी धावलो. पुढे काय करायचं, काही सुचलं नाही. कोटासकट मी स्वतःला त्या निळाईत झोकून दिलं.

निळाई म्हणजे ताडपत्री होती आणि ओजस तिच्या फटीतून खाली गेला होता. ती माझ्या वजनानं एका कोपऱ्यातून सुटली आणि मी गळ्यापर्यंत कापसात रुतलो. ओजस शेजारीच होता. तोंडात कापूस, आणि इतका हसत होता की त्याला बोलता येईना. मिथिलाला राहवलं नाही, तिनंही उडी घेतली. पोराला धरायला सुनीता खाली वाकली, तिचा पाय घसरला आणि आमचं कुटुंब पूर्ण झालं.

काठावर भाऊसाहेब मान खाली घालून उभे होते. दादानं मूठभर कापूस उचलला, ओढून त्याचा धागा पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "माल चांगला हाय. इकला काहून नाही?"

भाऊसाहेबांचं इंग्रजी तिथेच संपलं. "कोनी घेऊनच नाही राह्यलं ना भाऊ," ते म्हणाले. "घर भरलं, गोठा भरला. मंग पोरायच्या लायब्ररीत टाकला. लाज वाटते, पन ठेवू कुठी?"

"मायाही माल घरातच हाय," दादा म्हणाला आणि काठावर बसला. भाऊसाहेब इस्त्रीची पर्वा न करता त्याच्या शेजारी बसले. दोघं बोंडअळीवर बोलत राहिले. आम्हाला बाहेर काढायचं कोणाच्या लक्षात येईना.

आता उरली होती प्राचार्या मॅडमची मुलाखत. केसांतला कापूस झटकून आम्ही ओळीनं बसलो. मॅडमनी पहिलाच प्रश्न मला विचारला : आईवडील परदेशात असताना मुलांना इथं का ठेवायचं? उत्तर मी मस्कतपासून पाठ करून आलो होतो. "मुलांची नाळ," मी सुरुवात केली आणि मान खाजवली. "आपल्या मातीशी," आणि पाठ. पाठीला हात पोचेना, म्हणून खुर्चीला घासली. बाजूला सुनीता दंड खाजवत होती, ओजस तर उभा राहून नाचत होता.

मॅडमनी मिथिलाकडे वळून विचारलं, "तुला इथं राहायचं आहे का?"

"मले मोठेबाबांकडे राह्याचं हाय," मिथिला म्हणाली. "पन आईसंग. आई गेली का मीबी जाईन. अन् मले लय खाज सुटून राह्यली."

मी खाजवायचा थांबलो. माझी मुलगी वऱ्हाडी बोलत होती! ज्या नाळेसाठी मी एवढा खटाटोप केला, ती गोठ्यात फिरता फिरता जुळून गेली होती. सुनीतानं एका हातानं डोळे पुसले आणि दुसऱ्यानं दंड खाजवला. मॅडम हसल्या. प्रवेश देता येईल, म्हणाल्या, पण त्यांच्या मते पोरांना इथली शाळा नको, इथली सुट्टी हवी.

निकाल लागला. पोरं आमच्याबरोबर परत आली आणि दर सुट्टीत दादाकडे जायचं ठरलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण विमानात दोन्ही बाजूंना पोरं झोपलेली पाहून छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं.

मस्कतला ओजसनं वर्गात सांगितलं, की माझ्या बाबांनी मला वाचवायला कपड्यांसकट स्विमिंग पूलमध्ये उडी मारली. पूल कशानं भरला होता, हे बाईंनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्यांनी ते पालकसभेत सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मी उठून नम्रपणे नमस्कार केला. लगोलग शाळेच्या पोहण्याच्या स्पर्धेसाठी जीवरक्षक पालक म्हणून माझी एकमतानं निवड झाली, आणि टाळ्यांच्या भरात मी हो म्हणूनही बसलो.

मला पोहता येत नाही, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.