चौथ्या गाण्यातलं दूध

पुण्याहून दिल्लीला निघालो तेव्हा माझ्या खिशात बोटाएवढा पेन ड्राइव्ह होता आणि चेहऱ्यावर, बायकोच्या मते, सत्काराला निघालेल्या माणसाचा भाव. तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या पेन ड्राइव्हवर मी तीन आठवडे घाम गाळला होता.

तरुणपणी मी दिल्लीत नोकरीला असताना गोखलेकाकांच्या बरसातीत (गच्चीवरची एकुलती खोली) भाड्याने राहत असे. काकांकडे एका परदेशी बँडची रेकॉर्ड होती. चार दाढीवाले, गिटार, माउथऑर्गन, आणि गाणी शेतांची, पायवाटांची, घर सोडून गेलेल्यांची. आम्ही तिला नुसतं ‘रेकॉर्ड’ म्हणत असू. नावं बाकीच्या रेकॉर्डना. एका रविवारी काकांनी स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तिची कॅसेट केली. सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं होतं. तरी चौथ्या गाण्यात, गिटार अगदी हळू झालेली असताना, स्वयंपाकघरातून कुमुदकाकूंचा आवाज आला, “अहो, दूध बघा जरा.” काका उठले नाहीत. दूध उतू गेलं आणि हाक कॅसेटमध्ये राहिली. त्या कॅसेटवरून आम्हा सगळ्यांच्या कॅसेटी निघाल्या, त्यामुळे दिल्लीतल्या आमच्या टोळक्याला ते गाणं काकूंसकटच माहीत. “कुमुदने गाण्याची वाट लावली,” असं काका पुढे कित्येक वर्षं म्हणत.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. त्यांची कॅसेट मशीनने खाल्ली होती. बाकीच्यांच्या बदल्यांत आणि घरं बदलताना गेल्या होत्या. “तुझी आहे ना? घेऊन ये यार. रविवारी सगळे बसणार आहोत.” मी विचार केला, नुसती कॅसेट काय न्यायची, चांगली करून नेऊ. संगणकावर घेतली, त्याच फाइलवर काम करत खरखर काढली, रस्त्यावरचा हॉर्न काढला आणि शेवटी, मोठ्या कौशल्याने, ती दुधाची हाकही काढली. काकांची इतक्या वर्षांची तक्रार मिटवली, या आनंदात मी जुनी कॅसेट भंगाराच्या पिशवीत टाकली. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, हे मला माहीत होतं. सांत्वनाचा फोनही मी केला होता. तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

नवी दिल्ली स्टेशनवर उतरून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलो. हॉटेलात सामान टाकलं आणि रस्त्यावर छोले-कुलचे खाल्ले. कुलचेवाल्याने विचारलं, “पहली बार आये हो?” मी छाती काढून म्हणालो, “मैं यहाँ का पुराना आदमी हूँ, भाई.” मग हा पुराना आदमी वैशालीच्या मेट्रोऐवजी नोएडाच्या मेट्रोत बसला आणि पाच स्टेशनं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. जिथे फाटा फुटतो त्या यमुना बँक स्टेशनला परत येऊन योग्य गाडी पकडली. शेजारच्या बाईंनी मला दोनदा बजावलं, “अंकल, वैशाली लास्ट है, सो भी गये तो चलेगा.”

काका आता गाझियाबादमधल्या या वैशालीत मुलीकडे, मेधाकडे, राहतात. दार तिनेच उघडलं. “या दादा. बाबा सकाळपासून तीनदा गॅलरीत जाऊन आलेत.” काका वाळले आहेत, पण मिठी तशीच हाडं मोडणारी. आत आमच्या टोळक्यातले सुभेदार शिंदे बसले होते. मूळचे साताऱ्याकडचे, निवृत्तीनंतर दिल्लीतच राहिलेले. इंग्रजी जेमतेम, पण रेकॉर्डमधलं प्रत्येक गाणं तोंडपाठ. भिंतीवर काकूंचा फोटो होता. समोर गजक (तिळगुळाची कुरकुरीत वडी) आणि मठऱ्या (जाड, खाऱ्या पुऱ्या) होत्या.

“चहा आत्ता नाही हं,” मेधा म्हणाली. “चहा चौथ्या गाण्यानंतर. ठाऊक आहे ना?”

मला ठाऊक नव्हतं. मी दिल्ली सोडल्यानंतरची ही रीत. दर हिवाळ्यात सगळे जमतात, चौथ्या गाण्यात काकूंची हाक आली की काका मुकाट्याने उठतात, स्वयंपाकघरात जातात आणि चहाचं दूध तापवतात. त्या रविवारी उठले नाहीत, त्याची ही फेड. काकू होत्या तेव्हा त्या खुर्चीत बसून हसत आणि म्हणत, “लक्ष ठेवा हो, वर येतंय.” मेधा हे सहज सांगत होती आणि माझ्या हातातली मठरी तोंडापर्यंत जाईना.

पेन ड्राइव्ह लागला. पहिलं गाणं सुरू झालं. “बिल्कुल साफ आहे यार,” काका खूश झाले. सुभेदार मांडीवर ताल धरत होते. मला दुसरं आणि तिसरं गाणं आठवत नाही. उठून तार ओढावी, वीज जावी, निदान मला चक्कर तरी यावी, असे विचार करत होतो. यातलं काहीच झालं नाही.

चौथं गाणं लागलं. गिटार हळू झाली. सुभेदारांचा हात थांबला. काकांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धं अंग उचललं आणि मान स्वयंपाकघराकडे वळवली.

गाणं पुढे गेलं. स्वच्छ, सुरेख, कुणाच्याही व्यत्ययाशिवाय.

“जरा मागे घे,” काका म्हणाले. मी मागे घेतलं. ते पुन्हा तसेच अर्धे उठून थांबले. तिसऱ्यांदा घ्यायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “काका, तो आवाज मी काढला. मला वाटलं, तुम्हाला...”

“अच्छा,” काका म्हणाले आणि खाली बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मेहनत पुष्कळ घेतलीस.” त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडलो असतो.

“तिचा दुसरा आवाजच नाही आमच्याकडे,” मेधा हळूच म्हणाली आणि चहा ठेवायला स्वतः उठली. सुभेदार मला जिन्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, “कॅसेट असंल ना घरी? मग काय काळजी?” मी हो म्हणालो. खोटं बोललो.

वैशालीच्या फलाटावरून बायकोला फोन लावला. “बाल्कनीतली भंगाराची पिशवी आहे का गं?”

“ती? ती काल गेली,” ती म्हणाली. पुढचं ऐकायची हिंमत नव्हती. मी फोन बंद केला आणि दोन दिवस कसलाच फोन घेतला नाही. परतीच्या प्रवासात वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. ज्या गाण्यांसाठी आम्ही आयुष्यभर जीव टाकला, ती बाजारात कुठेही मिळतात. आमची रेकॉर्ड मात्र जगात एकच होती आणि ती मी धुऊन टाकली.

घरी पोचलो तर टेबलावर कॅसेट.

“पिशवी गेली म्हटलं,” बायको म्हणाली. “तू टाकलेलं काही मी न बघता देते का? फोन उचलला असतास तर सांगितलं असतं.”

कॅसेट मी स्वतः नेऊन देणार आहे, कुरिअरवर भरवसा नाही आणि माझ्या सुधारणांवर तर नाहीच. पण तोवर धीर निघेना. माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढला, काकांना फोन लावला, काही न बोलता फोन स्पीकरपाशी धरला आणि चौथं गाणं सुरू केलं. खरखर होती, हॉर्न होता. गिटार हळू झाली.

“अहो, दूध बघा जरा.”

पलीकडे खुर्ची सरकली. “आलो गं,” काका म्हणाले. मग सपातांचा आवाज दूर दूर जात राहिला आणि गॅसच्या लायटरची टकटक ऐकू आली. मी गाणं संपेपर्यंत फोन तसाच धरून बसलो.