बटनांच्या दुकानात गिटारचं पिक

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. दुकानातली सुटी बटनं कशी तळच्या डब्यात आपोआप जमा होतात, तसेच तेही साचतात. एखाद्या दुपारी डबा उपडा करावा, की एकेक हाती लागतो.

तर सेलूत एक बटनवाला राहत होता, एक बटनवाली राहत होती, अन् त्यांचा एक मुलगा होता. बटनवाला म्हणजे आमचे हे, बटनवाली मी, अन् मुलगा दिलीप. तेव्हा कॅसेटचा जमाना होता. दिलीप वर्ध्याच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पण कुठं बसून? मागच्या रांगेत, ढोलवाल्याच्या आड! ऑर्केस्ट्राचे मास्तर त्याला म्हणायचे, "हात चांगला हाय तुहा, पण आवाज गोड नाई. तुहं पिक पह्यले ऐकू येते, गाणं मंग!"

पिक म्हणजे तारा छेडायचा तीनकोनी प्लास्टिकचा तुकडा. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, बस.

ह्यांनी मुदतच घातली. "पोळ्यापर्यंत पुढच्या माईकवर बसला तं वाजव. नाई तं गिटार माळ्यावर, अन् तू गल्ल्यावर! मागं लपून बसणाऱ्याले पोरगी कोण देईन?"

झालं! दिलीप चांगल्या पिकाच्या मागं लागला, अन् सारं घर दिलीपच्या मागं.

*

दिलीपजवळ नागपूरहून आणलेलं एकच पिक होतं. ते काउंटरवर ठेवून तो जेवायला बसला. ह्यांना वाटलं, फॅन्सी बटन आहे, कारखान्यात भोकं पाडायची राहून गेली! बारीक गिरमिट घेतलं, दोन भोकं पाडली अन् बटनांच्या कार्डावर शिवून टाकलं.

दिलीप जेवून येऊन पाहतो, तर एक बाई त्याच्याच पिकावर बोट ठेवून म्हणत होती, "भाऊ, याचे सहा द्या. झंपरले लावतो."

दिलीपनं घर डोक्यावर घेतलं. पण वाजवायला बसला तर काय! भोकांमुळे बोटं बरोबर बसली. घामानं सटकणारं पिक आता सटकेना. आवाज काही बदलला नाही, पण पकड सुधारली. हे मिशीत हसले.

"अन् म्हणे बाबाले गिटारमधलं समजत नाई!"

पुढं एका लग्नाच्या गर्दीत तेही हरवलं.

*

मग आली शर्टाच्या कॉलरची पट्टी. कॉलर ताठ राहावी म्हणून शिंपी आत घालतात ना, ती. दिलीपनं ती कापून पिक बनवलं. पातळ अन् लवचिक. सगळ्या तारांवरून एका दमात फिरवलं, की मस्त वाजायचं. हातालाही त्रास नाही. पण गाण्याचा एकेक सूर काढायला गेला, की नुसतं चट-चट, चट-चट!

शेजारच्या शांताकाकू धावत आल्या. "अवं दिलीपची माय, पंख्यात कॅलेंडर अडकलं वाट्टे तुह्या घरी!"

*

पातळ नको, तर जाड. दिलीपनं ओव्हरकोटाचं मोठं बटन फरशीवर घासघासून पिक केलं. आवाज असा भरदार, की फळीवरच्या बरण्या हलायच्या! पण ते वाकायचंच नाही, सारा जोर मनगटावर. पिपरी मेघेला गच्चीवर वाढदिवसाचा प्रोग्राम झाला, अन् घरी आल्यावर दिलीपला भाकर तोडता येईना. मी तोडून दिली.

हे ताटावरून बघत म्हणाले, "गिटार वाजवाले गेलता का विहीर खणाले?"

*

ढोलवाल्यानं सांगितलं, करवंटीचं करून पाहा. मी पूजेच्या नारळाची करवंटी दिली. आवाज खरंच गोड! मी तर देवाला हात जोडले. पण करवंटी तारेवर झिजायची. दोन-चार गाणी झाली, की दिलीपच्या काळ्या पॅन्टवर भुसा अन् हातात काहीच नाही!

मास्तर म्हणाले, "गाणं संपाच्या आधी तुहं पिक संपते, तं पुढं कसं बसवू तुले?"

हे म्हणाले, "खोबरं खाल्लं, करवंटी वाजवली. आता शेंडी राह्यली, तिचं काही वाजते का पाहा!"

*

अन् पोळा आला. दुसऱ्या दिवशी रोहणा गावी लाकडी बैलांचा तान्हा पोळा होता, त्यात ऑर्केस्ट्रा. पोराची मुदत संपलेली, म्हणून हे अन् मीही जीपमध्ये बसून गेलो. आमची उतरायची सोय एका पाटलांच्या घरी होती. अंगणात दिलीप उरलेली करवंटी घासत होता, तर तीही टचकन मोडली! पोराचं तोंड पाहवेना.

पाटलांची मुलगी वंदना चहा घेऊन आली. म्हणाली, "काऊन बसले असे?"

दिलीपनं सांगितलं. "पातळ चटचट करते, जाड वाकत नाई, अन् गोड वाजते ते टिकत नाई."

ती आत गेली अन् शिंगाचं टोक घेऊन आली. पोळ्यासाठी बैलांची शिंगं तासतात, तेव्हा एका मारक्या बैलाचं टोक कापलं होतं. तिनं चकती काढली, कौलावर कड घासली, जवसाचं तेल लावलं. "पाहा बरं."

दिलीपनं पाहिलं. एक सूर वाजला अन् कोपऱ्यातले मास्तर चहाचा कप तसाच ठेवून उठले. "पोट्ट्या, आज पुढच्या माईकवर!"

त्या दिवशी रोहण्यानं तीनदा वन्स मोअर दिला. हे मागं उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "माहा पोरगा हाय तो!"

*

मग दसऱ्याच्या आधी, भर बाजाराच्या दिवशी, पाटील आमच्या दुकानात आले. हे घाबरले. माझ्या कानाशी म्हणाले, "शिंगाचे पैसे मागाले आला वाट्टे!"

पाटलांनी काउंटरवर रुमाल सोडला. आत शिंगाची पिकं! पातळ, मध्यम, जाड, गोल टोकाची, निमुळत्या टोकाची, सगळी तेल लावून चकचकीत.

पाटील म्हणाले, "पोरीनं पाठवली. भाऊ, माह्या गोठ्यात आता एकाही बैलाच्या शिंगाले टोक नाई राह्यलं! एक तं लग्न लावा, नाई तं मले नवे बैल घेऊन द्या!"

ह्यांनी गिऱ्हाइकांसमोर दुकानाचं शटर खाली ओढलं अन् मला हाक मारली,

"अवं, साखर आण!"