काजळीवरची रेघ

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तिकोना पेठेच्या जत्रेत कुस्ती खेळताना माझा उजवा कोपर बांधाच्या दगडावर आपटला आणि करंगळी न् तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. तळेगावच्या तालमीत मी कुस्ती शिकलो होतो; दुसरं काही धड येतही नव्हतं. आता समोरच्याचं मनगट धरायला जावं, तर माझा हात पोचेपर्यंत तो पाठीवर स्वार. रागाच्या भरात मी भिंतीवर लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही.

त्याच सुमारास लोणावळ्यात एक डॉक्टर पैलवान शोधत होते. वर्षानुवर्षं मेहनत केलेल्या माणसाच्या हातापायांतल्या मज्जातंतूंतून निरोप जास्त वेगानं धावतो का, हे त्यांना मोजायचं होतं. वस्तादांच्या कानावर हे आलं आणि त्यांनी मला आगगाडीत बसवलं. निरोपाच्या वेगाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. माझा हात जिवंत आहे की मेला, एवढंच त्यांना हवं होतं. मलाही.

परीक्षा म्हणजे आखाडाच, असं आम्ही धरून चाललो. दारातच वस्तादांनी माझ्या दोन्ही हातांना तेल चोळलं आणि पुडीतून आणलेली तालमीची माती फासली. डॉक्टरांनी पाहिलं आणि भिडेखातर चालवून घेतलं.

काजळी धरलेला कागद गुंडाळलेलं एक नळकांडं फिरत होतं, त्यावर टेकलेली सुई दोऱ्यानं माझ्या करंगळीला बांधलेली. कोपरापाशी विजेचा झटका द्यायचा. करंगळी हलली की काजळीत रेघ उडणार, आणि निरोप किती उशिरा पोचला ते तिच्यावरून कळणार. डॉक्टरांनी झटका दिला. बोट ढिम्म. वाढवून दिला, तरी ढिम्म. वस्ताद खिडकीबाहेर बघायला लागले.

मग डॉक्टरांनी माझा धडधाकट डावा हात तपासला. तर तोही मेलेला! डॉक्टर हसत सुटले. तेलामातीच्या थरातून वीज आत शिरतच नव्हती. त्यांनी मिठाच्या पाण्यानं माझे हात धुतले आणि पुन्हा उजव्या कोपराला झटका दिला.

करंगळी उडाली. मी उडवली नव्हती. मी नुसता बघत होतो, आणि माझ्याच कातडीखालून काहीतरी मला न विचारता धावत गेलं होतं. त्या हाताकडून मी इतके जोर काढून घेतले, पण आत असा कोणी राबतो हे मला ठाऊक नव्हतं.

मग डावा हातही पुन्हा मोजला. त्याची रेघ डॉक्टरांनी आधी घेऊन ठेवलेल्या स्वतःच्या हाताच्या रेघेपेक्षा केसभर आधी उठली होती. ती मेहनतीमुळेच, असं म्हणायला मात्र ते तयार नव्हते. दोन माणसांवरून काय ठरवणार, म्हणाले. उजव्या हाताची रेघ मागे होती.

"उशिरा येतोय," ते म्हणाले, "पण येतोय. तंतू तुटलेला नाही."

वस्तादांनी यंत्राच्या चौकटीला हात लावून कपाळाला लावला, जसा आम्ही मातीला लावतो. "येतोय न्हवं? मंग फुडलं माज्याकडं."

वर्षभर त्यांनी मला पिळून काढलं. पुढच्या जत्रेत समोरचा माझ्या मानेवर झेपावला, आणि मला काही सुचायच्या आत त्याचं मनगट माझ्या उजव्या मुठीत होतं. कुस्ती मी हरलोच. त्यानं टांग मारून मला चीत केलं. वस्ताद माझ्या पाठीवरची माती झाडत होते.

"हात येळंवर आला," ते म्हणाले.

जिंकल्यावरही मी कधी एवढा रडलो नव्हतो.